आर्म प्रोसेसरचे संगणक मराठी अक्षरजुळणीला कितपत पुरे पडतात?

अक्षरजुळारी, गिरगाव

नमस्कार मंडळी,

गिरगावात मी अक्षरजुळणीचे छोटे केंद्र चालवते. मराठी पुस्तके, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक, असे आमचे काम असते. केंद्रातील संगणक आता जुने झाले असून त्यांवर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे, आणि लेखकांच्या संहिता ज्या यंत्रांवर आहेत ती यंत्रे तशाच अवस्थेत इंटरनेटला जोडून ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे संगणक बदलायचे हे ठरले आहे. कोणते घ्यायचे, हे ठरत नाही.

लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तेव्हा दुकानदाराने स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा एक लॅपटॉप दाखवला. तो गरम होत नाही, बॅटरी दिवसभर पुरते आणि सगळे जुने सॉफ्टवेअर चालते, असे त्याचे म्हणणे. मुखपृष्ठे करणारे आमचे एक स्नेही ॲपलच्या मॅक मिनीचा आग्रह धरतात. एका अभ्यासिकेचे चालक रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाची शिफारस करतात. तिन्ही यंत्रांत प्रोसेसर आर्म पद्धतीचा आहे, आमच्या आजवरच्या इंटेल संगणकांसारखा नाही, एवढे मला समजले आहे. त्याचा आमच्या कामावर प्रत्यक्ष काय परिणाम होईल, हे मात्र कोणीही नेमके सांगितलेले नाही.

आमची गरज अशी आहे. पानांची मांडणी इनडिझाइनमध्ये होते. टंकलेखन दोन प्रकारे होते: नव्या संहिता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, येतात, पण आमच्याकडची जुनी पुस्तके एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये आहेत, आणि ते सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवाना तपासणारे छोटे उपकरण) लावल्याखेरीज उघडत नाही. पुनर्मुद्रणाची कामे नेहमी येत असल्यामुळे त्या फाइल सोडून देता येत नाहीत. आमच्या दोन ज्येष्ठ टंकलेखिकांचा हात टाइपरायटरच्या कळपाटीवर बसलेला आहे, म्हणून त्या पद्धतीची कळपाट देणारे एक वेगळे सॉफ्टवेअरही आम्ही वापरतो. प्रुफे काढण्यासाठी साधा लेझर प्रिंटर आहे. जागा पोटमाळ्यावर आहे, वातानुकूलन नाही, आणि मे महिन्यात तिथे बसणेही कठीण होते. त्यामुळे कमी तापणाऱ्या यंत्राचे मला खरोखर आकर्षण आहे.

या परिस्थितीत आर्मवर जाणे शहाणपणाचे ठरेल का? ज्यांनी अशा यंत्रांवर रोजचे काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

यंत्रमित्र, माटुंगा

ताई, आपण गरज नेमकी मांडली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो आणि त्यांतील काही ठिकाणी आता आर्मवरचे विंडोज आहे.

आर्मवर विंडोज चालते का, हा प्रश्न माझ्या मते निकालात निघाला आहे. ते चांगले चालते. अडते ते विंडोजच्या पोटात शिरून काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचे, आणि मराठी अक्षरजुळणीच्या व्यवसायात नेमका अशाच सॉफ्टवेअरचा भरणा आहे. म्हणून दुकानदाराचे ‘सगळे चालते’ हे विधान एखाद्या विद्यार्थ्याच्या बाबतीत जवळजवळ खरे ठरेल, आपल्या बाबतीत ठरणार नाही.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आर्मविषयीची बरीचशी भीती जुन्या यंत्रांमुळे तयार झालेली आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज आरटीवर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधल्या ॲपखेरीज बाहेरचे कोणतेही डेस्कटॉप सॉफ्टवेअर बसवताच येत नव्हते. २०१७ च्या अखेरीस आर्मवरचे विंडोज १० आले, त्यात इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर चालवण्याची सोय होती, पण फक्त ३२ बिटांची. ६४ बिटांची सोय २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर आली. २०२४ च्या मध्यावर स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे लॅपटॉप आले आणि विंडोजच्या २४एच२ आवृत्तीत प्रिझम हा नवा अनुवादक आला, तेव्हा कुठे हा प्रकार कार्यालयात ठेवण्याजोगा झाला. कोणी आपल्याला जुना, स्वस्तातला आर्म लॅपटॉप देऊ केला तर तो घेऊ नये, हे त्यावरून ओघानेच येते.

प्रिझमचे काम असे चालते. इंटेलसाठी तयार झालेल्या सॉफ्टवेअरमधल्या आज्ञा चालता चालता तुकड्यातुकड्यांनी आर्मच्या आज्ञांमध्ये बदलल्या जातात आणि बदललेले तुकडे डिस्कवर साठवून ठेवले जातात. त्यामुळे एखादे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना रेंगाळते आणि पुढे सुधारते. दुकानात पाच मिनिटे पाहून त्याचा वेग ठरवू नये. आर्मसाठीच तयार केलेल्या सॉफ्टवेअरला हा खटाटोप करावा लागत नाही. फोटोशॉप २०२१ पासून, क्रोम २०२४ च्या मार्चपासून आणि लिबरऑफिस २४.८ या आवृत्तीपासून विंडोजच्या आर्म रूपात मिळते. कोणते सॉफ्टवेअर मूळ रूपात चालले आहे आणि कोणते अनुवादित, हे टास्क मॅनेजरमध्ये तपशिलाच्या टॅबवर ‘आर्किटेक्चर’ हा स्तंभ चालू केला की प्रत्येक ओळीपुढे दिसते. दुकानातच तो स्तंभ उघडून पाहावा.

आता अडचणींकडे येतो. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण डोंगलची. प्रिझम फक्त वरच्या थरातील सॉफ्टवेअरचा अनुवाद करतो. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणारी सॉफ्टवेअर, विंडोजच्या गाभ्यात बसतात आणि त्यांचा अनुवाद होत नाही. ज्या उपकरणाला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, त्याचा आर्मसाठी बांधलेला ड्रायव्हर कंपनीने दिलेला नसेल, तर ते उपकरण त्या यंत्रावर चालत नाही. मग सॉफ्टवेअर अनुवाद होऊन सुरळीत सुरू होते आणि डोंगल सापडत नाही म्हणून लगेच बंद पडते. काही नव्या डोंगलांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण त्या कीबोर्ड आणि माउसच्या वर्गातील उपकरण म्हणून स्वतःची ओळख देतात आणि विंडोजचा अंगचा ड्रायव्हर त्यांना पुरतो. आपली डोंगल कोणत्या प्रकारची आहे, हे आजच्या संगणकावरच तपासता येईल. ती लावून डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिच्या नावावर दोनदा क्लिक करा आणि ड्रायव्हरच्या टॅबवर पुरवठादार म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. मायक्रोसॉफ्टचे असेल तर आशेला जागा आहे. डोंगल बनवणाऱ्या कंपनीचे असेल, तर आर्मचा ड्रायव्हर मिळतो का, हे त्या कंपनीकडून लेखी घ्यावे.

दुसरी अडचण कळपाटीची, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. कळपाट देणारे बाहेरचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा स्वतःचा एक छोटा भाग प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या आत पाठवते. इंटेलसाठी बांधलेला असा भाग आर्मसाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये शिरू शकत नाही. परिणाम चमत्कारिक होतो: अनुवादित प्रोग्रॅममध्ये मराठी उमटते आणि शेजारच्याच मूळ आर्म प्रोग्रॅममध्ये त्याच कळा दाबल्या की रोमन अक्षरे येतात. टंकलेखिकेला वाटते की आपलेच काहीतरी चुकते आहे. विंडोजची स्वतःची इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कळपाट आणि २०१९ च्या मे महिन्यातील अद्ययावत आवृत्तीपासून आलेली मराठी ध्वन्यनुसारी कळपाट या दोन्ही आर्मवर नीट चालतात, पण टाइपरायटरवर हात बसलेल्या व्यक्तीला त्यांचा उपयोग नाही. आपल्या कळपाटीच्या सॉफ्टवेअरची आर्म आवृत्ती आहे का, हे विचारल्याशिवाय त्या दोन टंकलेखिकांची यंत्रे बदलू नका.

प्रिंटरचे तत्त्व तेच आहे. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारा, अथवा नेटवर्कवरून आयपीपी पद्धतीने छापणारा प्रिंटर विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो. स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पान आखण्याचे सगळे काम संगणकावर टाकतात आणि त्यासाठी त्यांना स्वतःचा ड्रायव्हरच लागतो. प्रुफे काढणे हा आपला श्वास आहे, तेव्हा हे आधी पाहा.

जोडाक्षरांची काळजी मात्र मनातून काढून टाकावी. अक्षरांची जुळवाजुळव विंडोजवर डायरेक्टराइट करते, लिनक्सवर हार्फबझ करते, मॅकवर कोअरटेक्स्ट करते. इनडिझाइनचा तर स्वतःचाच वर्ल्ड-रेडी कंपोझर आहे. प्रोसेसर कोणता आहे याच्याशी यांपैकी कशाचाही संबंध नाही. फॉन्टची फाइल सगळीकडे तीच असते.

मुखपृष्ठकार, दादर

यंत्रमित्रांनी विंडोजविषयी जे लिहिले आहे त्यात मला मॅकची भर घालायची आहे, कारण मी अनेक वर्षे मॅकवर पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली मांडणी करतो आहे, आणि इंटेलवरून आर्मवर जाण्याचे स्थित्यंतर त्या काळात पाहिले आहे.

ॲपलने २०२० च्या जूनमध्ये हे स्थित्यंतर जाहीर केले, नोव्हेंबरमध्ये एम १ प्रोसेसरची पहिली यंत्रे आली आणि २०२३ च्या जूनमध्ये मॅक प्रो बदलल्यावर ते पूर्ण झाले. त्यापूर्वी १९९४ मध्ये मोटोरोलाच्या प्रोसेसरवरून पॉवरपीसीवर आणि २००६ मध्ये पॉवरपीसीवरून इंटेलवर जाण्याचा अनुभव या कंपनीच्या गाठीशी होता. विंडोजच्या जगात आर्म हा एक पर्याय आहे, मॅकच्या जगात दुसरा पर्यायच उरलेला नाही, आणि त्यामुळे अडोबीसारख्या कंपन्यांना आपली सॉफ्टवेअर आर्मसाठी बांधणे भाग पडले. इनडिझाइन, इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप २०२१ पासून ॲपलच्या प्रोसेसरवर मूळ रूपात चालतात. माझे स्वच्छ मत असे की, केवळ नव्या युनिकोड कामाचा विचार केला तर आजच्या घडीला आर्मवरची सर्वांत परिपक्व डेस्कटॉप प्रणाली मॅकओएस हीच आहे.

जुनी इंटेल सॉफ्टवेअर चालवणारा मॅकचा अनुवादक म्हणजे रोझेटा २. त्याच्या वेगामागे एक खुबी आहे. छापखान्यात फॉर्मे कोणत्याही क्रमाने यंत्रावर चढवले तरी चालतात. बाइंडरकडे मात्र ते क्रमानेच जावे लागतात. इंटेलचे प्रोसेसर मेमरीत लिहिलेल्या गोष्टी इतरांना क्रमानेच दिसतील असे वचन पाळतात, आर्मचे प्रोसेसर मूळ नियमानुसार तसे वचन देत नाहीत. त्यामुळे इंटेलचे सॉफ्टवेअर आर्मवर चालवताना अनुवादकाला जागोजागी क्रम राखण्याच्या जादा आज्ञा घालाव्या लागतात आणि तिथे वेळ जातो. ॲपलने आपल्या प्रोसेसरमध्येच इंटेलसारखा क्रम पाळण्याची कळ ठेवली आहे, आणि रोझेटा चालताना ती चालू होते. पहिल्या एम १ यंत्रांवरही जुनी सॉफ्टवेअर इतकी सहज का चालली, याचे एक मोठे कारण हे आहे.

परंतु रोझेटावर कायमचा भरवसा ठेवू नये. २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले आहे की मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल आणि रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण स्वरूपात राहील. त्यानंतर जुन्या खेळांपुरता तिचा काही भाग ठेवला जाईल. पहिली रोझेटाही २००६ मध्ये आली आणि २०११ मध्ये काढून टाकली गेली. एखादे इंटेल काळातील प्लगइन वापरण्यासाठी आपण पूर्ण इनडिझाइन रोझेटातून उघडत असाल, तर त्या प्लगइनचे दिवस भरत आले आहेत, असे समजून पर्याय शोधावा.

आता आपल्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरविषयी. ‘मॅकवर पॅरलल्स घ्या, त्यात विंडोज चालते’ असा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. त्यात विंडोज खरोखर चालते, आणि मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला अधिकृत मान्यताही दिली आहे, पण ते आर्मचेच विंडोज असते. म्हणजे मॅकच्या आत पुन्हा यंत्रमित्रांनी सांगितलेलीच परिस्थिती येते आणि डोंगलच्या ड्रायव्हरपाशी गाडी तिथेच अडते. संपूर्ण इंटेल संगणकाची नक्कल करून त्यात इंटेलचे विंडोज चालवणे शक्य आहे, मात्र ते इतके संथ असते की तीनशे पानांच्या पुस्तकाची दुरुस्ती त्यात करावी, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

एम ४ प्रोसेसरचा मॅक मिनी भारतात आला तेव्हा १६ जीबी मेमरीच्या रूपात त्याची किंमत ५९,९०० रुपये होती. मेमरी नंतर वाढवता येत नाही, ती विकत घेतानाच ठरवावी लागते. उष्णतेच्या बाबतीत मात्र मी निःशंकपणे सांगू शकतो: माझ्याही खोलीत वातानुकूलन नाही आणि मांडणीच्या कामात त्याचा पंखा मला जवळजवळ कधीच ऐकू येत नाही.

अक्षरजुळारी, गिरगाव

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे डोंगल लावून पाहिली. ड्रायव्हरचा पुरवठादार म्हणून मायक्रोसॉफ्टचे नाव नाही, डोंगल बनवणाऱ्या कंपनीचे आहे, आणि ड्रायव्हरवरची तारीख फार जुनी आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन केला तेव्हा ‘आर्म’ म्हणजे काय हे मलाच समजावून सांगावे लागले. याचा अर्थ जुन्या फाइलींचे काम आर्मवर होणार नाही, हे मी आता गृहीत धरते.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. जुन्या कामासाठी आहे त्यांतलाच एक संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवला तर पुरेसे होईल का? आणि मुद्रितशोधनाला बसणाऱ्या मुलींसाठी, ज्यांना पीडीएफ वाचणे, लिबरऑफिसमध्ये दुरुस्त्या करणे आणि पत्रव्यवहार एवढेच करायचे असते, रास्पबेरी पाय खरोखर पुरेल का?

अभ्यासिका-चालक, परळ

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी रास्पबेरी पाय ५ ठेवले आहेत. आपण सांगितलेल्या कामाला ते पुरते, पण नीट बसवले तरच, आणि त्याचे नाव खराब झाले आहे ते बहुधा अर्धवट बसवलेल्या यंत्रांमुळे.

मेमरी कार्डावर प्रणाली ठेवू नये. दिवसभर लिहिण्या-पुसण्याला ती कार्डे टिकत नाहीत आणि वीज अचानक गेली तर फाइली बिघडण्याची शक्यता वाढते. पाय ५ ला पीसीआय एक्सप्रेसची जोडणी आहे. तिच्यावर जोडपट्टी बसवून एनव्हीएमई एसएसडी ही वेगवान डिस्क लावावी. सबंध यंत्र त्याने बदलते. विजेचा पुरवठा ५ व्होल्ट आणि ५ अँपिअरचाच घ्यावा. मोबाइलचा ३ अँपिअरचा चार्जर लावला तरी यंत्र सुरू होते, म्हणून लोक तोच वापरत राहतात. परंतु तेव्हा यूएसबीच्या सगळ्या जोडण्यांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात आणि बाहेरची डिस्क लावली की ती मधेच सुटते. पंखा असलेला शीतक हवाच, कारण ८० अंशांपाशी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि आपल्या पोटमाळ्यावर मे महिन्यात तो तिथवर पोहोचायला वेळ लागणार नाही.

रास्पबेरी पाय ओएस ही डेबियन या लिनक्सवर आधारलेली असून तिची ६४ बिटांची आवृत्ती २०२२ पासून अधिकृत आहे. डेबियनने स्वतः ६४ बिटांच्या आर्मला २०१५ मध्येच आपल्यात घेतले, त्यामुळे लिनक्सच्या जगात आर्म ही नवलाई नाही. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोमियम, थंडरबर्ड, गिम्प, इंकस्केप हे सारे आर्मसाठीच बांधलेले मिळते, कारण मूळ आज्ञावली खुली असल्याने कोणत्याही प्रोसेसरसाठी ते पुन्हा बांधता येते; अनुवादकाची गरजच पडत नाही. मराठी टंकलेखनासाठी आयबस ही कळपाटींची व्यवस्था आणि त्यातील इनस्क्रिप्ट कळपाट बसवली की काम होते. पानांच्या मांडणीचे स्क्रायबसही चालते आणि १.५.३ या आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात, पण पाच-सहाशे पानांच्या पुस्तकाची मांडणी मी पायवर करायला सांगणार नाही. एक बारीकशी गोष्ट: पाय ५ मध्ये एच २६४ व्हिडिओ उलगडण्याची वेगळी यंत्रणा ठेवलेली नाही, ते काम मुख्य प्रोसेसरच करतो. व्याख्याने पाहण्याइतके ते चालते. आपल्या मुद्रितशोधकांना त्याचे कारणही पडणार नाही.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो, कारण लिनक्सप्रेमी मंडळी उत्साहाने सांगतील की स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप घ्या आणि त्यावरचे विंडोज काढून लिनक्स घाला. इंटेलच्या संगणकांवर लिनक्सची एकच प्रत बहुतेक सगळीकडे चालते, कारण यंत्रात काय काय बसवले आहे हे सांगण्याची एक ठरलेली पद्धत तिथे रुजलेली आहे. आर्म लॅपटॉपमध्ये ती माहिती लिनक्सला बहुधा प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या ‘डिव्हाइस ट्री’ या वर्णनातून द्यावी लागते. आपल्या मॉडेलसाठी ते लिहिले गेले नसेल, तर ध्वनी, कॅमेरा किंवा टचपॅड यांपैकी काहीतरी बंद राहते. मॅकवर ‘असाही लिनक्स’ या नावाचा प्रकल्प हेच काम अत्यंत कष्टाने करतो आहे. त्यातून ‘फेडोरा असाही रीमिक्स’ २०२३ च्या डिसेंबरात आले आणि एम १ व एम २ यंत्रांवर ते खरोखर वापरण्याजोगे आहे. त्या कामाविषयी मला मोठा आदर वाटतो. पण ज्या यंत्रावर लेखकाची संहिता आहे आणि छपाईची तारीख ठरलेली आहे, त्यावर असे प्रयोग नकोत.

करसल्लागार, फोर्ट

मुख्य चर्चेत एक छोटीशी भर. ताई, आपल्या केंद्राची विवरणपत्रे आपण स्वतःच डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनने भरत असाल, तर तेही डोंगलच्याच जातीचे उपकरण आहे, हे लक्षात ठेवावे. चिप वाचण्याचे काम पुष्कळदा विंडोजचा अंगचा स्मार्टकार्ड ड्रायव्हर करू शकतो, पण स्वाक्षरी उमटवण्यासाठी टोकनबरोबर येणारे सॉफ्टवेअर लागते, आणि ते इंटेलपुरतेच बांधलेले असेल तर आर्मसाठी बांधलेला ब्राउझर त्याला आत घेऊ शकत नाही. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी हे कळणे फार महागात पडते. आमच्या कार्यालयात लेखापालनाची आणि स्वाक्षरीची यंत्रे आम्ही इंटेलचीच ठेवली आहेत, आणि बाहेर अशिलांकडे नेण्यासाठी आर्मचे लॅपटॉप घेतले आहेत. या वाटणीत आमचे आजवर कोणतेही काम अडलेले नाही.

यंत्रमित्र, माटुंगा

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते.

जुन्या फाइलींसाठी एक संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवणे योग्य आहे, पण त्याच्या वयाचा विचार करा. तो बंद पडला की डोंगल हातात असून उपयोग नाही. त्यामुळे एक नवा, साधा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा छोटा डेस्कटॉप घ्यावा, त्यावर विंडोज ११ असावे, आणि आताच, जुना संगणक चालू असतानाच, त्यावर ते सॉफ्टवेअर व डोंगल चालते आहे याची खात्री करून घ्यावी. आर्मचे कौतुक असणारा मी हे लिहितो आहे, कारण ज्या कामाचा पाया ड्रायव्हरवर आहे तिथे प्रोसेसर बदलण्याचा काहीच लाभ नाही. त्यातच, २०२४ नंतरचे इंटेल आणि एएमडीचे लॅपटॉप प्रोसेसरही वीज वाचवण्यात पुष्कळ सुधारले आहेत. कमी तापणारे यंत्र म्हणजे आर्मच, असे आता राहिलेले नाही.

त्याच यंत्रावर बसून जुनी पुस्तके हळूहळू युनिकोडमध्ये आणावीत. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ‘कि’ मधील वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, तर युनिकोडमध्ये ‘क’ आधी येतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम हा क्रम बहुतेक वेळा बरोबर बदलतात. ते चुकतात ते रफार असलेल्या जोडाक्षरांपाशी आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील अर्ध्या ‘र’पाशी. रूपांतरानंतरचे मुद्रितशोधन याच जागा धरून करावे. एकदा पुस्तक युनिकोडमध्ये आले की ते मॅकवर, आर्म विंडोजवर किंवा पायवर सारखेच उघडेल.

नवीन कामासाठी मॅक मिनी घ्यायचा की स्नॅपड्रॅगन, यात मुखपृष्ठकारांचा कौल मला मान्य आहे. आपले मुख्य काम इनडिझाइनचे आहे आणि तिथे मॅकची बाजू आज भक्कम आहे. टाइपरायटरच्या कळपाटीचे मात्र मॅकवरही वेगळे पाहावे लागेल. त्या दोघींची टेबले नव्या इंटेल यंत्रांवरच ठेवा आणि त्यांच्याकडून युनिकोड फाइल घेऊन मांडणी मॅकवर करा. प्रिंटर ॲपलची एअरप्रिंट पद्धत किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणारा घेतलात, तर दोन्हीकडून त्याच प्रिंटरवर प्रुफे निघतील.

खरेदीला जाताना एका पेनड्राइव्हवर आपल्या नेहमीच्या फॉन्टच्या फाइली, एका पूर्ण पुस्तकाची इनडिझाइन फाइल आणि तिची छापखान्याला दिलेली पीडीएफ एवढे न्या. दुकानात त्याच फाइलची नवी पीडीएफ काढायला लावा आणि दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून ओळी त्याच जागी तुटतात का, ते पाहा. ओळ हलली तर दोष प्रोसेसरचा नसेल, इनडिझाइनची किंवा फॉन्टची आवृत्ती वेगळी असेल; पण ते दुकानातच समजलेले बरे, कारण पावसाळ्यात दिवाळी अंकांची पाने हातात असताना त्याचा शोध घ्यायला आपल्याकडे वेळ नसतो.